सरांना दिलेले आठ पॉइंट दोन

अंतिम सामन्याचा रेफ्री कसा निवडतात हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. मॅच संपली की लोक रेफ्रीला शिव्या देतात, पण त्याला शिट्टी कुणी दिली, कोणता कागद पाहून दिली, हे विचारायला कुणी येत नाही. मी विचारलं. पत्रक काढून विचारलं. त्याचं पुढे काय झालं ते लिहायला मला फार वेळ लागला, कारण यात चूक कुणाची ते एका ओळीत मांडता येत नाही. पत्रकात एका ओळीत मांडावं लागतं आणि मला तेवढंच येत होतं.

आधी कागद काय म्हणतो ते सांगते. आमच्या फुटबॉलच्या अजिंक्यपद स्पर्धेत आठ संघ उरले की चार सामने होतात, आणि त्यांना चार रेफ्री, एकेकाला एकेक. रेषेपासून थोडं लांब निरीक्षकाची प्लास्टिकची खुर्ची असते. निरीक्षक खेळ पाहत नाही, रेफ्रीला पाहतो. कुठे उभा होता, बॉलपासून किती लांब होता, कार्ड वेळेवर काढलं का, खेळाडूशी कसा बोलला. मग एका फॉर्मवर दहापैकी गुण देतो, दशांशात. फॉर्मच्या मागे तक्ता छापलेला आहे. आठ पॉइंट चार म्हणजे अपेक्षेप्रमाणे चांगलं काम. आठ पॉइंट दोन म्हणजे समाधानकारक, थोड्या सुधारणेला वाव. सातच्या घरात गेलं म्हणजे निकाल फिरवणारी चूक. ज्याचे गुण सगळ्यात जास्त त्याला अंतिम सामना. त्याच्या मागच्या दोघांना उपांत्य सामने. जो उरला तो अंतिम सामन्यात चौथा पंच, म्हणजे राखीव. बदली खेळाडूंच्या नंबरचा बोर्ड वर धरायचा, आणि मैदानातला रेफ्री पडला तर त्याच्या जागी जायचं. रेफ्री सहसा पडत नाही.

हा झाला कागद. प्रत्यक्षात फॉर्म बंद लिफाफ्यात समितीच्या सचिवांकडे जायचे आणि नाव ठरायचं मैदानाच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर. सचिव उरलेल्या चार संघांच्या मॅनेजरांना विचारायचे, "अमका चालते का?" एकानेही तोंड वाकडं केलं की नाव बदललं. ज्यांच्यावर शिट्टी वाजायची त्यांनाच विचारायचं, कुणाची शिट्टी चालेल.

मी पाहत आले तेव्हापासून सर चौथे पंच होते. दर वर्षी.

सर आर्णीकडच्या एका तांड्यावर राहतात आणि जवळच्याच शाळेत शिकवतात. माझे ते वर्गातले सर नव्हेत, मैदानातले. मी दारव्ह्याजवळच्या गावातली, घरी कापूस आणि तूर, कॉलेजसाठी यवतमाळला आले आणि तिथे मुलींच्या टीममध्ये खेळायला लागले. रविवारी सर मोटारसायकलवर यायचे, आर्णीहून थेट मैदानावर. गळ्यात शिट्टी. तिची दोरी त्यांच्या बायकोने विणलेली, लाल-पिवळ्या धाग्यांची, टोकाला दोन कवड्या. बाकीच्या रेफ्रींच्या दोऱ्या दुकानातल्या काळ्या. खेळाडू मागून म्हणायचे, "मास्तरच्या गळ्यात बैलाचा साज हाये." सरांना ऐकू जायचं. ते शिट्टी वाजवून खेळ सुरू करायचे.

मुलींना ते याडी म्हणायचे. त्यांच्या बंजारा लोकांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. "याडी, बॉल पाहू नको, पाय पाहा. बॉल कधीच फाउल करत नाही." मला रेफ्रीची परीक्षा त्यांनीच द्यायला लावली. झेंडा धरून रेषेवर कसं पळायचं, तोंड मैदानाकडे आणि पाय बाजूला, हे त्यांनी मला तुरीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शिकवलं होतं. एका सामन्यात माझ्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. दवाखान्यात सरच घेऊन गेले, आणि माझा बाप दारव्ह्याहून येईपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. पुढे मला घरच्या मोटारसायकलची किक मारता येईना, तेव्हा त्यांनीच दाखवलं. गाडी उभ्या स्टँडवर लावायची, आपण उजव्या बाजूला उभं राहायचं आणि डाव्या पायाने किक मारायची.

"तुम्हाला बरं माहीत सर?" मी विचारलं होतं.

"मास्तरले सगळं माहीत राहते," ते म्हणाले, आणि हसले.

माझं पळणं तिथेच संपलं. मी विद्यार्थ्यांच्या संघटनेत गेले. वसतिगृहातलं पाणी, बसचे पास, परीक्षेचे निकाल. पत्रकं लिहायला तिथे शिकले. वर प्रश्न, खाली तीन मागण्या, शेवटी इशारा. वाक्य लहान, शब्द टोचणारा. "असे वाटते" लिहायचं नाही, "असे आहे" लिहायचं. मला ते पटकन जमलं. इतकं जमलं की घरी बोलतानासुद्धा मी मागण्याच मांडायला लागले, असं माझी आई म्हणते.

एका वर्षी मी टपरीवर चहा पीत उभी होते आणि नाव ठरत होतं. सरांचं नाव निघालं. यवतमाळच्याच एका मोठ्या क्लबचा मॅनेजर म्हणाला, "मास्तर चांगला हाये, पण लय पेनल्ट्या देते." दुसरा म्हणाला, "तांड्यावरचा माणूस. एवढी पब्लिक पाहून घाबरीन बिचारा." सगळे हसले. सचिव म्हणाले, "बरं, पुढच्या वर्षी पाहू." सचिवांचं दारव्ह्यात बियाण्यांचं दुकान आहे, आणि ते कोणत्याही गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाहीत. पुढच्या वर्षी पाहू म्हणतात.

मी सरांना ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील.

"घाबरतो तर मी," ते म्हणाले. "जो घाबरत नाही त्यानं शिट्टी घेऊच नये." मग म्हणाले, "पण एक फायनल पाहिजे याडी. एकच. माह्या बायकोले कधी मॅच पाहाले आणलं नाही मी. तिले म्हणलं हाये, फायनल भेटली का नेतो."

समितीच्या नियमात वयाची अट आहे. ते वर्ष सरांचं शेवटचं होतं. त्यानंतर यादीतून नाव जाणार, मग चौथा पंचही नाही.

म्हणून मी पत्रक काढलं. मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते की हे तत्त्वासाठी आहे. तत्त्वासाठी होतंच. पण सरांचं ते शेवटचं वर्ष नसतं तर मी ते त्याच वर्षी काढलं असतं का?

"अंतिम सामन्याचा रेफ्री मैदानावर ठरणार की टपरीवर?" हा मथळा. खाली तीन मागण्या. संघांच्या मॅनेजरांना विचारणे बंद करा. निरीक्षकांनी नाते, गाव, ओळख न पाहता तक्त्याप्रमाणे गुण द्यावेत. चारही फॉर्म शेऱ्यांसकट सूचना फलकावर लावा, आणि गुण पाहूनच सामना द्या. शेवटी इशारा होता, तो आता लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नाही. त्यात काही दमच नव्हता.

पत्रक मैदानावर वाटलं, ग्रुपवर टाकलं. सरांनी उभ्या उभ्या वाचलं, चष्मा कपाळावर चढवून.

"चांगलं लिहिलं," म्हणाले. "हे माह्यासाठी करून राह्यली का तू?"

"नाही सर. सगळ्यांसाठी."

"मंग ठीक." त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "शेरे पण लावायचे का फलकावर?"

"शेरे तर पाहिजेतच. नाहीतर गुण कशाचे ते कसं कळेल?"

"हाव," ते म्हणाले. "थे बी बरोबर हाये."

मी भांडायच्या तयारीने समितीच्या खोलीत गेले. बरोबर दोन पोरं, सह्यांचे कागद. सचिवांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "मंजूर."

"काय मंजूर?"

"तिन्ही. कायले भांडाभांडी? आमालेही टपरीवर मॅनेजर लोकांचे नखरे ऐकायचा कंटाळा आला. फक्त एक अडचण हाये बाई. निरीक्षक दोनच उरले. तिसरा नागपूरले पोराकडे गेला. तुही परीक्षा पास हाये, तू बस एका मॅचले."

मला काय वाटलं ते खरं लिहिते. मला जिंकल्यासारखं वाटलं. पत्रकावर पत्रकं काढून पाणीसुद्धा न मिळालेली पोरगी मी, आणि इथे एका पत्रकात खुर्ची. मग त्यांनी मॅचची यादी पुढे सरकवली. माझ्या नावासमोर सरांची मॅच होती.

"मला दुसरी द्या," मी म्हटलं. "ते माझे सर आहेत."

"तुह्या पत्रकात तं लिहून हाये, नातं पाहू नका." सचिव हसले नाहीत. "का दुसऱ्यांनीच नाही पाहायचं?"

मी नाही म्हणू शकत होते. ते दुसरी मॅच देऊ शकत होते, तेवढं अवघड नव्हतं. पण दोन पोरं बघत होती, आणि मला दाखवायचं होतं. मी यादीवर सही केली.

सरांची मॅच दुपारी झाली. कापूस वेचणीचे दिवस, ऊन सौम्य पण धूळ भरपूर. मी खुर्चीवर, मांडीवर पाटी, पाटीवर फॉर्म. सर मैदानात आले आणि नाणेफेकीआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. निरीक्षकाकडे पाहायचं नसतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

पहिला हाफ मी अजून डोळ्यांसमोर आणू शकते. दोन खेळाडू एकमेकांच्या अंगावर गेले, आणि सर त्यांच्या मधे नुसते जाऊन उभे राहिले. हात वर नाही, ओरडणं नाही. काहीतरी हळू बोलले, त्यातला एक हसला, खेळ सुरू. मी फॉर्मवर लिहिलं, "खेळाडूंवर उत्तम नियंत्रण." एक फाउल झालं पण बॉल त्याच संघाकडे राहिला, सरांनी दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवला, आणि त्यातून गोल झाला. मी लिहिलं, "लाभ-नियमाचा सुंदर वापर."

दुसऱ्या हाफमध्ये लांब बॉल पडायला लागले. एका टोकाकडून मारलेला बॉल थेट दुसऱ्या टोकाला. सर मागे राहिले. एकदा, मग पुन्हा. तिसऱ्यांदा फॉरवर्ड पेनल्टी बॉक्समध्ये पडला तेव्हा सर मध्यरेषेच्या जरासेच पुढे होते. शिट्टी वाजली, हात पेनल्टीच्या ठिपक्याकडे. निर्णय बरोबर होता. मी जवळून पाहिलं होतं, बचाववाल्याने पाय घातला होता. पण सरांनी तो एवढ्या लांबून दिला की बचाववाले त्यांच्यावर धावून आले. "सर, तुमी तं आर्णीतूनच शिट्टी मारली," एकजण म्हणाला. प्रेक्षकांत हशा पिकला.

मॅच संपल्यावर फॉर्म भरायला बसले. मागचा तक्ता दोनदा वाचला. आठ पॉइंट चार, अपेक्षेप्रमाणे. आठ पॉइंट दोन, समाधानकारक, थोड्या सुधारणेला वाव. तक्त्याप्रमाणे ते आठ पॉइंट दोन होतं. त्यात मला आजही शंका नाही. मी लिहिलं. शेऱ्यात चार चांगली वाक्यं लिहिली आणि पाचवं लिहिलं, "जलद प्रतिहल्ल्यात खेळापासून फार मागे राहतात, धावण्याची क्षमता कमी पडते." वाक्य लहान होतं. टोचणारं होतं. मला लिहिताना ते चांगलं वाटलं होतं, हे मी विसरू शकत नाही.

नियमाप्रमाणे नंतर निरीक्षकाने रेफ्रीशी बोलायचं असतं. सर शेजारच्या खुर्चीत येऊन बसले, घामाने भिजलेले, बाटलीतलं पाणी मानेवर ओतत.

"पेनल्टी बरोबर होती," मी म्हणाले.

"हाव."

"पण लांब होतात सर. तीनदा."

"चारदा," ते म्हणाले. "एक तुले दिसलं नाही, तू लिहून राह्यली होती." मग पाय लांब करून बसले. "किती देल्ले?"

"सांगता येत नाही सर."

"बरोबर. नको सांगू." त्यांनी मान हलवली, मला पेपरात पूर्ण मार्क मिळाल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी चारही फॉर्म फलकावर लागले. माझ्या मागणीप्रमाणे, शेऱ्यांसकट. मी गर्दीतून पुढे गेले आणि वाचले.

आठ पॉइंट चार. आठ पॉइंट चार. आठ पॉइंट चार. आणि सरांचे आठ पॉइंट दोन.

पहिल्या तीन फॉर्मांवर शेरा एकच होता, "चांगले काम." त्यातल्या एका मॅचमध्ये बचाववाल्याने हाताने बॉल अडवला होता, रेफ्री चार पावलांवर उभा होता, आणि त्याने काही दिलं नव्हतं. सगळ्या मैदानाने पाहिलं होतं. त्यालाही आठ पॉइंट चार.

एसटीतून रिटायर झालेले एक काका त्या दोन जुन्या निरीक्षकांपैकी. मी त्यांना तिथेच गाठलं. "काका, तुम्ही तक्ता पाहिला का? मागणी मंजूर झाली होती ना?"

"पाह्यला."

"मग सगळ्यांना आठ-चार कसे?"

"मी आजवर आठ-चारच देत आलो पोरी." ते शांतपणे म्हणाले. "आठ-चार म्हंजे मार्क नसते. तो रामराम असते. आला, उन्हात पळाला, शिव्या खाल्ल्या, रामराम. कमी देल्ले तं थो पुढच्या रविवारी येत नाही. मंग पोरांची मॅच तू घेशीन का गुडघा धरून? कोण चांगला, कोण नाही, हे आमी फॉर्मवर कधीच लिहिलं नाही. ते बोलून सांगत होतो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुले कोण सांगीन बाई? तू तं आमच्यावर पत्रक काढलं."

लोक फोनवर फलकाचे फोटो काढत होते. संध्याकाळपर्यंत ते शेरे सगळ्या ग्रुपवर फिरले. वरची चार वाक्यं कुणी वाचली नाहीत. पाचव्यावर लाल गोल करून कुणीतरी लिहिलं होतं, "मास्तरले रिटायर करा." सरांच्या शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही ते गेलं, हे मला नंतर कळलं.

मी सचिवांच्या दुकानात गेले, दारव्ह्याला. बियाण्यांच्या पिशव्यांमधून वाट काढत थेट गल्ल्यापाशी.

"त्या दोघांनी तक्ता वापरलाच नाही. हे गुण बाद करा."

"तू लिहिलेले आठ-दोन खोटे हायेत का?"

"नाही."

"मंग?" त्यांनी गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं. "आता आयक. या वर्षी फायनल मास्तरलेच द्याची होती. शेवटचं वर्ष हाये त्यायचं, सगळ्यायले माहीत. मॅनेजर लोकांशी बोललो होतो मी. तेही हो म्हणले, यावेळी देऊन टाका म्हणले. सगळ्यायले आठ-चार, अन् नाव मास्तरचं. झालं असतं. आता फलकावर आठ-दोन हाये. आठ-चारवाले तीन सोडून मी आठ-दोनवाल्याले फायनल देल्ली, तं उद्या तूच पत्रक काढशीन."

ते खरं बोलत होते की मला गप्प करत होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. मॅनेजरांना जाऊन विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. ते हो म्हणाले असते तर मी काय करणार होते?

तिघांचे गुण सारखे. त्यांच्यातून एक नाव कसं काढायचं हे माझ्या पत्रकात नव्हतं. ते टपरीवर ठरलं. हाताने अडवलेला बॉल ज्याला दिसला नव्हता त्याला अंतिम सामना मिळाला. सर चौथे पंच.

मी तांड्यावर गेले. सर अंगणात खाटेवर बसून वह्या तपासत होते. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं, चहा ठेवला, आणि आत जाता जाता सरांना त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. सरांनी एका शब्दात उत्तर दिलं. तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि आत गेली. काय विचारलं, मी विचारलं नाही.

"मी दुसरं पत्रक काढते सर," मी म्हणाले. "सगळं लिहिते. आठ-चारचं, टपरीचं, सगळं."

"नको."

"पण अन्याय झाला तुमच्यावर."

"तू जे लिहिलं ते खरं लिहिलं." त्यांनी वही मिटली. "मी मागं राहलो होतो. माह्यावर आता काही लिहू नको याडी. चांगलंही नको. वर्गातली पोरं फळ्यावर लिहून राह्यले, धावण्याची क्षमता. मी पुसतो, थे पुन्हा लिहितात."

ते हसत सांगत होते. मी चहा अर्धा टाकून उठले.

अंतिम सामन्याला मैदान भरलं होतं. सर काळा ट्रॅकसूट घालून रेषेजवळच्या टेबलापाशी, बोर्ड हातात. गळ्यात तीच दोरी, त्याच दोन कवड्या. मी गर्दीत शोधलं. बायको आली नव्हती.

सामना संपायला वीस-एक मिनिटं उरली असताना मैदानातला रेफ्री पळता पळता थांबला आणि खाली बसला. पोटरीत गोळा आला होता. त्याने हात वर केला. सगळं मैदान टेबलाकडे पाहू लागलं. सरांनी बोर्ड खाली ठेवला. जॅकेटची चेन उघडली, जॅकेट काढलं, घडी घालून खुर्चीवर ठेवलं. आत रेफ्रीचा शर्ट होता, इस्त्री केलेला. शिट्टी ओठांपाशी आणून पाहिली, वाजवली नाही. मग रेषेवर येऊन उभे राहिले, दोन्ही पाय रेषेच्या बाहेर, मला धुऱ्यावर शिकवलं होतं तसं. मी उठून उभी राहिले होते. मला कळत होतं की मी एका माणसाच्या पायात गोळा राहावा म्हणून मनातल्या मनात जोर लावते आहे.

फिजिओने रेफ्रीचा पाय ताणला, काहीतरी फवारलं. तो उठला, दोन पावलं चालला, उडी मारून पाहिली, आणि सरांकडे अंगठा दाखवला. ठीक आहे.

सरांनीही अंगठा दाखवला. परत आले. जॅकेट उचललं, झटकलं, घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. बोर्ड हातात घेतला.

बक्षिसं चालू असताना ते माझ्याकडे आले. फॉर्मच्या तळाशी रेफ्रीची सही लागते, "वाचले" म्हणून. बाकी तिघांच्या झाल्या होत्या, त्यांची राहिली होती. फलकावरून उतरवलेला तो फॉर्म सचिवांनी सहीसाठी माझ्याकडे दिला होता, तो मी काढला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सगळं वाचलं, वरची चार वाक्यंही, आणि पाचव्याच्या खाली सही केली.

"तुही लिहायची पद्धत चांगली हाये," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी पण बस खुर्चीवर. सोडू नको."

ते मोटारसायकलपाशी गेले. गाडी उभ्या स्टँडवर लावली. तिच्या उजव्या बाजूला उभे राहिले आणि डाव्या पायाने किक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली.

फॉर्म माझ्या हातात होता. त्यात त्यांच्या उजव्या गुडघ्यासाठी रकाना नव्हता, पण मी विचारू शकले असते. ते शेजारच्या खुर्चीत पाय लांब करून बसले होते तेव्हा मी विचारू शकले असते. आर्णीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी त्यांची गाडी पाहत राहिले, आणि मग समितीच्या खोलीत जाऊन तो फॉर्म जमा केला.